रविवारची अमावास्या

आमच्या क्लबाला फुटबॉल खेळता येतो की नाही, ही शंका मला पहिल्यांदा आली ती आम्ही चॅम्पियन झाल्यानंतर. त्याआधी असा प्रश्नच नव्हता. खेळता येत नाही हे आम्हाला, सगळ्या भवानी पेठेला आणि आमचा चेंडू शिवून देणाऱ्या चांभारालाही नीट ठाऊक होतं, आणि त्यामुळं सगळे सुखात होतो.

'भवानी पेठ स्नेहवर्धक फुटबॉल क्लब' हे नाव मी ठेवलेलं. मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. पंचाक्षरी मास्तर म्हटलं की पेठेत कोणीही घर दाखवतं. खेळणारे सगळे हातमागावर बसणारे विणकर, घरात तेलुगू आणि मैदानावर जमेल ते बोलणारे. मी त्यांचा सेक्रेटरी. सेक्रेटरीला पळावं लागत नाही, चेंडू लागत नाही आणि लीगच्या कमिटीला इंग्रजीत पत्रं लिहून खाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' अशी सही करायला मिळते. या सगळ्याच गोष्टी माझ्या प्रकृतीला मानवणाऱ्या होत्या. मी भित्रा आहे असं माझी बायको महानंदा म्हणते. ते खरं नाही. मी सावध आहे.

आता चॅम्पियन कसे झालो ते सांगतो. आमच्या पेठेतल्या मागांना रविवार माहीत नाही. त्यांची सुट्टी अमावास्येला. एरवी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत घराघरातून जी खटखट चालू असते, ती त्या एका दिवशी बंद पडते आणि पेठेला काय, निम्म्या गावाला कळतं की आज अमावास्या आहे. सोलापुरात वेळ कळते गिरणीच्या भोंग्यावरून आणि अमावास्या कळते मागावरून. पंचांग प्रत्येक घरात असतं, पण ते भांडणापुरतं.

आमचे खेळाडू मोकळे फक्त अमावास्येला. म्हणून मी लीगकडं अर्ज केला की आमचे दुसऱ्या वर्गाचे सगळे सामने आमच्या 'मासिक सुट्टी'च्या दिवशी ठेवावेत. मासिक सुट्टी म्हणजे कोणती, हे कमिटीनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अर्ज मंजूर झाला. मग काय व्हायचं ते झालं. निम्मे क्लब आलेच नाहीत. त्यांच्या आयांनी त्यांना घरात कोंडून ठेवलं होतं. जे आले ते दंडाला काळे दोरे बांधून आले आणि अंग चोरून खेळले. मैदानाच्या एका कोपऱ्यावर जुनी चिंच होती. त्या कोपऱ्यातून आमच्या गोलावर कॉर्नर किक मारायला अख्ख्या मोसमात एकही माणूस गेला नाही. आमच्या माणसांना मात्र अमावास्या म्हणजे सण. नाहून, भरपूर जेवून, मोकळ्या अंगानं ती मैदानात उतरत आणि ज्याला कोणी अडवत नाही असा चेंडू गोलात नेऊन ठेवत.

मी स्वतः मैदानाबाहेर, शक्यतो एखाद्या जाड माणसाच्या मागं उभा राहत असे. मी शिकलेला मनुष्य आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अमावास्येवर आहे.

तर असे आम्ही चॅम्पियन झालो. नियमाप्रमाणं आम्ही पहिल्या वर्गात चढणार आणि पहिल्या वर्गात तळाला राहिलेला सात रस्ता जिमखाना खाली येणार. जिमखान्यात वकील, ओव्हरसियर, डॉक्टर अशी मंडळी. पायात बूट, गुडघ्यापर्यंत मोजे, केसांना तेल. त्यांनी कमिटीपुढं हरकत घेतली आणि मला बोलावणं आलं.

कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब खुर्चीत होते आणि जिमखान्याचे कॅप्टन करमाळकर वकील उभे राहून बोलत होते. करमाळकर वकील साधं पाणी मागायला उठले तरी समोरच्याला शिक्षा होणार असं वाटतं. ते म्हणाले, "रावसाहेब, प्रश्न एवढाच आहे की वर चढतोय कोण? हा क्लब चढतोय की अमावास्या चढतेय? क्लब पहिल्या वर्गाच्या लायकीचा असेल तर आम्ही आनंदानं खाली जाऊ. पण अमावास्येला जागा करून द्यायला आम्ही उठणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्यावर कोणी हसलं की मला सामील व्हायची सवय आहे. पण आतून कुठंतरी चरचरलं, कारण तोच प्रश्न मलाही पडला होता होता.

रावसाहेबांनी ठरवलं की कसोटीचा एक सामना व्हावा. तो अमावास्येला नसावा. जिमखाना जिंकला तर ते राहतील, नाहीतर स्नेहवर्धक क्लब वर जाईल. करमाळकरांनी लगेच खिशातून छोटं पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "येत्या रविवारी द्वादशी आहे. बुधवारी अमावास्या. रविवार ठरवा." रावसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय मास्तर, चालेल ना?"

चालणार नव्हतं. रविवारी माग चालू असतात. पण अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा भिडवून 'नाही' म्हणण्याची मला कधीच सवय नव्हती. मी म्हणालो, "चालेल की."

पेठेत परत येऊन आमचा कॅप्टन नरसय्या याला हे सांगितलं. नरसय्या म्हणजे अनवाणी पायानं बूटवाल्यांत घुसणारा, कशाला न भिणारा माणूस. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याचा हात सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यावरच थांबला.

"मास्तर, अवस सोडून आमी कधी जिंकलंय का?"

"अमावास्या सोडून आपण कधी खेळलोच नाही, नरसय्या."

"तेच म्हंतो की. अवस सोडून खेळायला आमाला येतंय का न्हाय, कुणाला म्हाईत?"

त्याच्या तोंडून माझीच भीती ऐकल्यावर मी खड्ड्याच्या काठावरच टेकलो. आतापर्यंत मला वाटत होतं की भीतीचं खातं क्लबात एकट्या माझ्याकडं आहे.

पण त्याआधी सुट्टीचं बघायला हवं होतं. मी लक्ष्मय्या कारखानदारांकडं गेलो. आमची निम्मी टीम त्यांच्या मागांवर. लक्ष्मय्या शेठनी मला बसवलं, पान दिलं आणि सांगितलं की माग एकतर चालतो, नाहीतर अमावास्या असते. मधली वाट त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून नाही. मी हात जोडले. क्लबाची अब्रू, पेठेची अब्रू, असं बरंच बोललो. शेवटी बोलायचं संपलं आणि मी नुसताच केविलवाणा बसून राहिलो. त्याचा परिणाम झाला.

"असं करू मास्तर," ते म्हणाले. "अवस रविवारी धरू. बुधवारी माग चालू ठेवू. एक दिवस हिकडचा तिकडं. मालकाचं काय जातंय?"

मी इतका हरखून गेलो की या वाक्याकडं नीट पाहिलंच नाही. लक्ष्मय्या शेठनी बंद ठेवले म्हणून शेजारच्यांनी बंद ठेवायचं ठरवलं, कारण त्यांच्याही माणसांना सामना बघायचा होता. त्यांचं बघून पलीकडच्या गल्लीनं ठरवलं. शनिवारी रात्रीपर्यंत अख्ख्या पेठेनं अमावास्या अलीकडं ओढून रविवारी आणून ठेवली होती, आणि हे पेठेबाहेर कोणाला सांगायला हवं हे सेक्रेटरीच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी मला जाग आली ती शांततेनं. कुठंही खटखट नाही. मी अंथरुणात पडल्या पडल्याच दचकलो आणि मग आठवलं की ही शांतता मीच मागून आणली आहे. एवढ्यात दारात दूधवाली केराबाई रिकाम्या हातानं उभी.

"मास्तर, आज दूध न्हाय. अवस हाय न्हवं? अवसंचं दूध आमी इकत न्हाय."

"केराबाई, आज अमावास्या नाही."

"व्हय तर! घरनं दूध घिऊनच निगाले हुते. पेठंत आले तर समदं गपगार. तसंच मागारी लावून दिलं."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"सांगायला की. तुमी बिचारं वाट बगत बसाल."

मी न्हाव्याकडं गेलो. न्हाव्यानं मला पाहून आतून कडी लावली. परत येताना शेजारचे पेन्शनर शिरस्तेदार ओट्यावर भेटले. त्यांनी मला थांबवून सल्ला दिला की आज कसोटीचा सामना असेल तर आपल्या बाजूनं आधी चेंडूला हात लावू नये, दक्षिणेकडच्या गोलात उभं राहू नये आणि कोणी मागून हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. मी म्हटलं, आज द्वादशी आहे. ते म्हणाले, "तुम्ही मास्तर लोक पुस्तकातलं बोलता," आणि आत गेले.

घरी माझी आई, सावित्रम्मा, उंबऱ्यावर बसली होती. आई उंबऱ्यावर बसली की आमच्या घरातून मुंगीही बाहेर जात नाही.

"पंचाक्षरी, आज बाहेर पडायचं न्हाय."

"अव्वा, आज अमावास्या नाही. बुधवारी आहे. हे बघ पंचांग."

"पंचांगात कायबी छापत्यात. एकात एक, दुसऱ्यात एक. माग कदी खोटं बोलत्यात व्हय?"

"अव्वा, माग मीच बंद करायला लावलेत."

आईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुज्या सांगण्यानं वर्गातली पोरं गप बसत न्हाईत, आन् पेठंतलं माग बसत्यात व्हय?"

आयुष्यात मी एकदाच एवढी मोठी गोष्ट घडवून आणली आणि ती माझ्या जन्मदात्रीला खरी वाटली नाही. महानंदानं मला मागच्या दारानं काढून दिलं. जाताना तिनं माझ्या कोटाच्या खिशात एक लिंबू सरकवलं. मी म्हणालो, "अगं, तुला तर माहीत आहे ना आज अमावास्या नाही?" ती म्हणाली, "माहीत आहे की. पण असू द्या."

खरं सांगतो, दुपारपर्यंत मलाच खात्री वाटेनाशी झाली. पेठ मुकी, न्हावी बंद, दूध नाही, टांगेवाला सात रस्त्याकडं यायला तयार नाही. एवढी माणसं एखाद्या दिवसाला अमावास्या समजून वागत असतील तर त्या दिवसानं तरी काय करावं? मी चालत निघालो आणि दोनदा मागं वळून पाहिलं.

जिमखान्याच्या मैदानावर गर्दी होती. ही पेठेतली माणसं, सुट्टी म्हणून आलेली. बाकी गाव घरात होतं. रावसाहेब अध्यक्षांच्या खुर्चीत होते, पण त्यांनी खुर्ची भिंतीला पाठ लागेल अशी ठेवून घेतली होती. जिमखान्याची टीम बूट घालून उभी होती आणि प्रत्येकाच्या कमरेला सुतळीत ओवलेलं लिंबू लटकत होतं. करमाळकर वकिलांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी स्वतः पंचांगात बोट घालून दाखवलेली द्वादशी, आणि आता त्यांचाच तिच्यावर भरवसा उरला नव्हता.

मला मनातून बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. मग मी आमच्या माणसांकडं वळलो आणि पाहतो तर तिकडं त्याहून वाईट. जिमखाना भीत होता कारण त्यांना वाटत होतं आज अमावास्या आहे. आमचे भीत होते कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं की ती नाही. आमचा गोलकीपर भीमाशंकर, तालमीत घुमणारा आडदांड माणूस, कपडे न बदलता जमिनीवर बसला होता.

"मास्तर, मी खेळत न्हाय. अवस नसताना अवस म्हनायचं, आन् खऱ्या अवसंला माग चालवायचं? फसवाफसवी माणसासंगट करावी. अवसंसंगट करू न्हाये. कुणाचा तरी पाय जाणार आज."

आम्ही त्याला समजावलं, नरसय्यानं तेलुगूतून शिव्या दिल्या, पण भीमाशंकर उठेना. अकरावा माणूस हवा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी माझ्या मागं कोणी उभं आहे का ते पाहिलं. मागं भिंत होती.

असा मी, प्राथमिक शाळेतला मास्तर, धोतराचा काचा मारून, डोक्यावर टोपी आणि अंगात कोट अशा वेषात पहिल्या वर्गाच्या गोलात उभा राहिलो. कोट काढा असं रेफरी म्हणाला. मी म्हटलं, चारचौघांत मी कोटाशिवाय उभा राहत नाही. कोटाखाली माझी छाती कशी उडते आहे हे लोकांना दिसू नये, हे कारण मी त्याला सांगितलं नाही.

शिट्टी झाली. फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना चेंडू हवा असतो, असा माझा समज होता. त्या दिवशी पहिल्या अर्ध्यात तो कोणालाच नको होता. चेंडू आला की जिमखानावाले अंगावरची झुरळं झटकल्यासारखा पायानं झटकत आणि आमचे, पाय जाईल म्हणून, पाय मागं घेत. तशात ओव्हरसियरच्या कमरेचं लिंबू तुटून मैदानाच्या मधोमध पडलं. मग तर खेळाला काही अर्थच राहिला नाही. दोन्हीकडची माणसं त्या लिंबाला वळसा घालून पळत होती. आमचेसुद्धा! द्वादशी असली तरी जमिनीवर पडलेलं लिंबू ओलांडायची कोणाची छाती आहे? वाऱ्यानं ते लिंबू घरंगळत जिमखान्याच्या गोलाजवळ गेलं, आणि नरसय्यानं उंच मारलेला एक चेंडू नेमका त्याच्या शेजारी पडला. जिमखान्याच्या डॉक्टरांनी लिंबाला पाय लागू नये म्हणून उडी मारली, हवेत गिरकी घेतली आणि चेंडू स्वतःच्याच गोलात मारला.

एक शून्य. पेठ नाचली. माझ्याकडं चेंडू एकदाही आला नव्हता. मी मनात म्हणालो, असंच आणखी अर्धं निभावलं की झालं, आपण पहिल्या वर्गात.

मध्यंतरात करमाळकर वकील माझ्याकडं आले. मी सवयीनं नमस्कार केला. त्यांनी माझा हात धरला.

"मास्तर, मला एक खरं सांगा. मी स्वतः पंचांग पाहिलं होतं. पण सकाळपासून माग बंद. छापलेलं चुकतं, मी वकील आहे, मला माहीत आहे. माझी लहान मुलगी दोन दिवस तापानं पडून आहे. आई दारात आडवी पडली होती, तिला ओलांडून आलोय मी. सारखं वाटतंय, आज काहीतरी माझ्या हातून भलतं होणार. तुम्ही पेठेतले आहात. सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगा, आज अमावास्या आहे का?"

नरसय्या माझ्या बाजूलाच उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. किंवा गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर मी तरबेज. पण समोर तो एवढा मोठा वकील उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला रोज आरशात दिसतं. मला त्याची फार कीव आली. आणि सिद्धेश्वराची खोटी शपथ घेऊन सात रस्त्यापासून भवानी पेठेपर्यंत एकट्यानं चालत जाण्याची माझ्यात हिंमत नव्हती. यातलं कोणतं कारण मोठं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "द्वादशी आहे. सामन्यासाठी आम्ही माग बंद ठेवले. अमावास्या बुधवारीच आहे."

करमाळकरांनी डोळे मिटून श्वास सोडला. मग ते वळले, मैदानात गेले, गोलाजवळ पडलेलं ते लिंबू उचललं आणि सरबताला म्हणून आपल्या कारकुनाच्या हातात दिलं. जिमखान्याची टीम हे बघत होती. एकेकानं कमरेची सुतळी सोडली.

"मास्तर," नरसय्या हळूच म्हणाला, "खरं बोललात, चांगलं केलात. पण गोलमदी आता तुमी हाय की, इसरला काय?"

मी विसरलो होतो.

दुसऱ्या अर्ध्यात मला पहिला वर्ग म्हणजे काय ते दिसलं. वकील, डॉक्टर, ओव्हरसियर अशी रांगच्या रांग बुटांचा धडधडाट करत माझ्याकडं येत होती आणि पुढं चेंडू. माझी दृष्टी चांगली आहे, त्यामुळं सगळं लांबून दिसत होतं. पहिला चेंडू आला तेव्हा मी डावीकडं उडी मारली. चेंडू उजवीकडं होता, आणि ते मला उडीच्या आधीच कळलं होतं. दुसरा आला तेव्हा मी खांबाला मिठी मारली. एकास दोन. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, तो चेंडू हाय, साप न्हाय!"

मी नरसय्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता तो मारायला येतो. पण तो कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि आपल्या माणसांना तेलुगूत काहीतरी सांगत होता. मला तेवढं तेलुगू येतं. तो म्हणत होता, "ज्याला भीत होतो ते झालं ना? आता खेळा."

आणि ते खेळले. मी मागं गोलात उभा होतो म्हणून मला नीट दिसलं. मागाच्या खड्ड्यात दिवसभर पावड्या दाबणारे ते पाय, याच्याकडून त्याच्याकडं, त्याच्याकडून याच्याकडं, एकसारखे, न बघता चेंडू देत होते. समोर कोणी अंग चोरत नव्हतं. करमाळकर जिवाच्या आकांतानं अडवत होते. एक बूट नरसय्याच्या नडगीवर बसला तो इथपर्यंत ऐकू आला. तरी तो लंगडत पुढं गेला आणि चेंडू असा मारला की जिमखान्याचा गोलकीपर नुसता बघत राहिला. दोन दोन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर मी यांच्या नावानं पत्रं लिहीत होतो, आणि यांना खेळता येतं हे मला माहीत नव्हतं.

रडायला वेळ नव्हता. सामना संपत आला होता, बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो, आणि जिमखाना अख्खाच्या अख्खा माझ्या अंगावर निघाला होता. आमचे दोन बॅक आडवे झाले. चेंडू माझ्यापुढं दोन हातांवर पडला आणि करमाळकर वकिलांचा बूट वर गेला.

पळावं असंच माझ्या मनात होतं. पण पाय जागचे हलेनात आणि मी होतो तिथंच कोसळलो, चेंडूवर. कोसळल्यावर जे हाताला लागलं ते मी घट्ट धरलं. पाठीत बूट बसला, बरगडीत बसला, कोणीतरी माझ्यावर पडलं, त्याच्यावर आणखी कोणी. मी डोळे मिटून आईचं नाव घेत होतो. रेफरीनं शिट्टी वाजवली, लोक बाजूला झाले, सामना संपला, तरी मी चेंडू सोडला नाही. तो माझ्या हातातून काढून घ्यायला भीमाशंकर लागला.

रावसाहेबांनी खुर्ची भिंतीपासून पुढं ओढली आणि जाहीर केलं की भवानी पेठ स्नेहवर्धक फुटबॉल क्लब यंदापासून पहिल्या वर्गात. करमाळकर वकिलांनी येऊन माझी पाठ थोपटली. ज्या जागी बूट बसला होता नेमकं तिथंच थोपटली, पण मन लावून थोपटली. "मास्तर," ते म्हणाले, "मी हरकत मागं घेतो," आणि घाईनं मुलीकडं निघून गेले.

पेठ हलग्या वाजवत पुढं गेली. मी आणि नरसय्या मागं राहिलो, कारण त्याला नडगीमुळं आणि मला बरगडीमुळं भरभर चालवत नव्हतं. थोडं पुढं गेल्यावर त्यानं विचारलं.

"मास्तर, आज अवस न्हवती न्हवं?"

"नव्हती."

"त्यास्नीबी म्हाईत हुतं?"

"दुसऱ्या अर्ध्यात माहीत होतं. मीच सांगितलं."

"मग ह्ये कुणी केलं?"

"आपण केलं, नरसय्या."

तो थांबला. त्याचा चेहरा उजळला, आणि बघता बघता पुन्हा उतरला. बूटवाल्यांत अनवाणी घुसणारा तो माणूस माझा दंड घट्ट धरून उभा राहिला.

"म्हंजे मास्तर, आता फुडं हरलो, तर तेबी आमीच की!"

मी धीर द्यायला तोंड उघडलं. पण धीर देण्याऐवजी मी त्याचाच दंड धरला, आणि मग आम्ही दोघं एकमेकांना धरून हळूहळू पेठेकडं चालू लागलो.